समुद्र दिसला नाही तरी चालेल, विहीर गोडी हवी : सिंधुदुर्गात हिवाळा काढायला येणाऱ्यांसाठी

पुण्या-नाशिकची थंडी ज्यांच्या गुडघ्यांना सोसत नाही, मुंबईची हिवाळ्यातली धुरकट हवा ज्यांच्या छातीला सोसत नाही, किंवा ज्यांचं काम आता लॅपटॉपवर कुठूनही होतं, अशी बरीच मंडळी अलीकडे तुळशीच्या लग्नापासून शिमग्यापर्यंतचे तीन-चार महिने मालवण, वेंगुर्ले, देवगड या बाजूला राहायला येतात. चार दिवसांच्या सहलीची माहिती कुठेही मिळते. राहायचं म्हटलं की प्रश्न वेगळे पडतात. पाणी कुठलं, गॅस कुठून, रात्री दुखायला लागलं तर जायचं कुठे, आणि दुपारी चार वाजता बोलायला माणूस कोण? हा लेख त्या प्रश्नांसाठी आहे.

माझं सांगणं एका वाक्यात असं : घर निवडताना समुद्र शेवटी बघा, आधी पाणी बघा आणि शेजार बघा. पुढचं बरंचसं यातूनच येतं.

कधी यायचं

ऑक्टोबरात येऊ नका. पाऊस सरलेला असतो, पण उष्मा अंगावर येतो आणि गावातली सगळी माणसं भातकापणी-झोडणीत गुंतलेली असतात. घर दाखवायलाही कुणाला वेळ नसतो. तुळशीचं लग्न झालं, त्रिपुरारी पौर्णिमा झाली की हवा बदलते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे गार असतात, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा विशीच्या आसपास येतो आणि दुपारी तिशीच्या वर जातो. म्हणजे रात्री पातळ रजई लागते आणि दुपारी पंखाही लागतो. किनाऱ्यापासून आत, कुडाळ-कणकवलीकडे, पहाटेचा गारवा जास्त असतो.

घर बघायला मात्र एकदा पावसाळ्याच्या शेवटी आणि एकदा दिवाळीनंतर, अशा दोन फेऱ्या कराव्यात. पावसात सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात आणि सगळीच गावं हिरवी दिसतात. गळकं छप्पर आणि भिंतींची ओल पहिल्या फेरीत कळते, पाण्याची खरी स्थिती दुसऱ्या फेरीत.

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. कोकणकन्या, तुतारी, मांडवी, जनशताब्दी या गाड्या नाताळाच्या आठवड्यात आणि शिमग्याला उघडल्या-उघडल्या भरतात, म्हणून येण्याजाण्याच्या तारखा त्या दिवसांपासून लांब ठेवा. मालवणला कुडाळ स्थानक सोयीचं, वेंगुर्ल्याला कुडाळ किंवा सावंतवाडी, देवगडला कणकवली. चिपीला २०२१ पासून विमानतळ आहे, पण तिथल्या उड्डाणांच्या वेळा बदलत असतात. त्यामुळे सावंतवाडी-बांद्याच्या बाजूला राहणारे बरेचदा गोव्यातल्या मोपा विमानतळाचा उपयोग करतात. गाडीनं येणार असाल तर कोल्हापूरकडून फोंडा, करूळ आणि आंबोली हे मुख्य घाट आहेत. निघण्याआधी कुठला चालू आहे आणि कुठे दुरुस्ती आहे याची चौकशी करा, आणि घाट दिवसाउजेडी उतरा.

कुठलं गाव

देवबाग आणि तारकर्ली नकाशावर पाहिलं की मोह होतोच. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. पण शनिवार-रविवारी आणि नाताळात तिथल्या अरुंद रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, दोन्हीकडे खारं पाणी असल्यानं विहिरी मचूळ होतात, आणि आजूबाजूच्या घरांत माणसं असतात ती दोन रात्रींची. दर तीन दिवसांनी शेजार बदलतो. सहलीला ही जागा उत्तम आहे. हिवाळाभर राहायला मी कुणाला सुचवणार नाही.

देवगड तालुका हापूसचा आणि कातळाचा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, वारा भन्नाट असतो, संध्याकाळी तिथे उभं राहण्यासारखं सुख नाही. मात्र सड्यावरच्या घरांना जानेवारीनंतर पाण्याची ओढ लागू शकते, म्हणून तिथे विहिरीची चौकशी दुप्पट करा.

पहिल्यांदाच येणाऱ्यांना मी समुद्रापासून थोडी आतली, पण स्वतःचा बाजार असलेली गावं बघायला सांगते. मालवण तालुक्यात आचरा, मसुरे, चौके, कट्टा. कुडाळ आणि वेंगुर्ले तालुक्यांच्या सीमेवरची पाट, म्हापण, परुळे. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला आरवली, शिरोडा. शिरोड्याची मिठागरं १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. आज राहणाऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की तिथे उपजिल्हा रुग्णालय आहे, बाजार आहे आणि गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर आहे.

ज्यांना हृदयाचा, किडनीचा किंवा श्वासाचा जुना त्रास आहे त्यांनी हिशेब उलटा मांडावा. आधी रुग्णालय ठरवावं आणि तिथून अर्ध्या तासाच्या आत घर शोधावं. त्यांच्यासाठी सावंतवाडी, कुडाळ, कणकवली ही शहरं बरी. समुद्रावर वाटेल तेव्हा गाडीनं जाता येतं.

घर पाहताना

विहीर बघा. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन बघा. मग मालकाला न विचारता शेजारच्या बाईला विचारा, "काकी, फेब्रुवारीत पाणी कसा असता?" विहिरीबद्दल तिच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही. पाणी गोडं असलं तरी प्यायचं पाणी उकळून घ्या. पंप, वरची टाकी आणि वीज गेल्यावर पाणी काढायला रहाट किंवा दोर-कळशी आहे का, हेही बघून घ्या.

त्यानंतर छप्पर. जुन्या चिऱ्याच्या घरांना मंगलोरी कौलं असतात. घर थंड राहतं, पण उंदीर आणि मांजरं वरून ये-जा करतात. वयस्कर माणसांसाठी संडास-बाथरूम घराला लागून आहे की खळ्यापलीकडे, म्हणजे अंगणापलीकडे, हे विचारायला संकोचू नका. बऱ्याच जुन्या घरांत ते मागच्या दारी असतं आणि रात्री दोनदा उठणाऱ्याला तेवढं अंतर खूप असतं.

मोबाइल हातात धरून घरातल्या प्रत्येक खोलीत उभे राहा. ओटीवर रेंज आणि माजघरात शून्य, हे इथलं नेहमीचं. घरून काम करणाऱ्यांनी वाडीत फायबरची जोडणी आली आहे का ते शेजाऱ्यांकडून पक्कं करावं, आणि कामाला लागेल इतका इन्व्हर्टर आहे का तेही.

अंगणात वर बघा. माडाखाली गाडी लावू नका, खाट टाकू नका. नारळ किंवा झावळ पडली तर काच राहत नाही आणि डोकंही राहत नाही. मालकाला विचारून पाडेलीला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, एकदा बोलवून घेतलेलं उत्तम.

आणखी एक गोष्ट, जी घर दाखवणारा सहसा सांगत नाही. घर आंब्याच्या बागेला चिकटून असेल तर मोहोर आल्यापासून तुडतुडे आणि थ्रिप्ससाठी कीटकनाशकांच्या फवारण्या सुरू होतात आणि फळ धरेपर्यंत पुन्हा पुन्हा होतात. बागायतदाराचं वर्षाचं उत्पन्न त्यावर असतं, तो फवारणी थांबवणार नाही आणि त्यानं थांबवावी अशी अपेक्षाही धरू नये. दम्याच्या माणसानं अशा घराला नाही म्हणावं. बाकीच्यांनी बागेच्या मालकाशी ओळख करून घ्यावी आणि फवारणीच्या आदल्या दिवशी सांगायची विनंती करावी. माणसं आठवणीनं सांगतात. त्या दिवशी खिडक्या बंद, कपडे आत, विहिरीवर झाकण.

भाडं आणि कागद

दिवसाच्या दराला तीसनं गुणून महिन्याचं भाडं सांगितलं जात असेल तर ते घर सोडून द्या. तो मालक पर्यटनाच्या हिशेबात आहे. गावातली पुष्कळ घरं मुंबईकर चाकरमान्यांची असतात, गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात आणि मधल्या काळात बंद असतात. अशा मालकाला घरात दिवा लागावा, माणसांचा वावर राहावा एवढ्यासाठीही माणूस हवा असतो. ही घरं जाहिरातीत दिसत नाहीत. ती कळतात किराणा दुकानदाराकडून, रिक्षावाल्याकडून, देवळाच्या पुजाऱ्याकडून. म्हणून घर शोधायला आलात की एक-दोन रात्री त्याच गावात मुक्काम करा आणि तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या नाक्यावर, चहा घ्या.

तीन महिन्यांचं राहणं असलं तरी लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करा आणि नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी न झाल्याचा दोष मालकावर येतो. नोंदणी ऑनलाइन होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देण्याचं कामही मालकाकडून आठवणीनं करवून घ्या.

करारात दोन ओळी हव्याच. एक, वीजबिल कुणी भरायचं आणि मीटरचं आजचं रीडिंग किती. दुसरी, २४ डिसेंबर ते २ जानेवारी हे दिवसही करारात धरलेले आहेत. किनाऱ्यालगतच्या काही ठिकाणी "तेवढे आठ-दहा दिवस खोली मोकळी करून द्याल का" अशी विचारणा होते, कारण त्या दिवसांत पर्यटकांकडून कितीतरी पट पैसे मिळतात. हे आधी बोललेलं असलं की कुणाचंच मन दुखत नाही.

सोबत काय आणायचं

कमी आणा. रोजच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि त्यांची चिठ्ठी, चष्म्याची जास्तीची जोडी, चांगली विजेरी, मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, एखादा स्वेटर, पायाला पक्की बसणारी चप्पल. भांडीकुंडी, बादल्या, चटया इथल्या बाजारात मिळतात. खाऱ्या हवेत लोखंडाला महिनाभरात गंज धरतो, त्यामुळे दुचाकी आणलीत तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुवा. श्रवणयंत्रं आणि कॅमेरे हवाबंद डब्यात ठेवा.

गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्यावा. तो ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

पहिला आठवडा

सामान लावून झालं की पहिल्या दिवशी समुद्रावर जाण्याआधी वाडीतल्या आजूबाजूच्या चार घरी जा. हात हलवत न जाता आपल्याकडचं काहीतरी न्या. पुण्याची बाकरवडी, नाशिकचा चिवडा, कोल्हापूरचा गूळ, काहीही चालतं. नाव, कुठून आलो, कुणाच्या घरात राहतो आणि किती दिवस, एवढं सांगा. नंतर रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण "खय चललास?" असं विचारील. त्यात चौकशीचा रोख नसतो, ते नमस्कारासारखं आहे. "हयच, बाजारात" एवढं उत्तर पुरतं. वडीलधाऱ्यांना काका-काकी, तात्या, आबा, आजी म्हणावं. मालवणी लगेच बोलायचा प्रयत्न केला नाहीत तरी चालेल, तुमची मराठी सगळ्यांना कळते. कान मात्र उघडे ठेवा. संध्याकाळी कुणाच्या तरी पडवीत गजाली रंगतात, तिथे नुसतं बसलात तरी गावाची निम्मी माहिती होते.

याच आठवड्यात चार नंबर कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा : जवळचा रिक्षावाला, डॉक्टर, वीजमंडळाचा लाइनमन आणि शेजारचं घर. फोन बंद पडला तरी कागद राहतो. १०८ची रुग्णवाहिका सगळीकडे येते, पण वाडीची वाट चालकाला सांगायला माणूस लागतो. आपल्या घराची खूण एका ओळीत पाठ करून ठेवा, अमक्या तिठ्यावरून, तमक्या देवळाच्या मागे.

कचऱ्याची व्यवस्था पहिल्याच दिवशी विचारा. बहुतेक वाड्यांत घंटागाडी येत नाही. ओला कचरा माडाच्या आळ्यात जातो, मासे धुतलेलं पाणीही माडालाच. प्लास्टिक धुऊन साठवून तालुक्याला नेऊन द्यावं लागतं. वेंगुर्ले नगरपालिकेनं कचरा वेगळा करून त्याचं खत आणि गॅस करण्याचं जे काम केलं ते बघायला लोक लांबून येतात. एकदा तिथे जाऊन या, घरातल्या डब्यांकडे बघायची नजर बदलते.

एसटीचं वेळापत्रक फळ्यावरून उतरवून घ्या. ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना आणि सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. आधारकार्ड जवळ ठेवा. वस्तीची गाडी, म्हणजे जी रात्री गावात मुक्कामाला असते आणि पहाटे सुटते, ती कुठली आणि किती वाजताची, हे माहीत असणं फार उपयोगी पडतं.

बाजार आणि स्वयंपाकघर

इथे खरी मजा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

शहरात मासे घेताना आपण नाव ठरवून जातो : सुरमई पाहिजे, पापलेट पाहिजे. इथे तसं जाऊ नका. आज काय आलं ते बघा आणि त्याप्रमाणे जेवण ठरवा. बांगडा आणि तारली मिळाली की त्या दिवशी राजासारखं जेवण होतं आणि पैसेही कमी लागतात. सौंदाळे, लेपा, मोदका, मोरी ही नावं शहरात कमी ऐकू येतात. एकेक करून सगळे खाऊन बघा. मासा घेताना कल्ला उघडून बघावा, आत लालभडक हवा, आणि बोटानं दाबलं तर खळगा राहता कामा नये. मासे विकणाऱ्या काकीशी घासाघीस एखाद्या दिवशी करा, रोज नको. आठवडाभर तिच्याकडूनच घेतलंत की ती स्वतःहून सांगते, "ह्यां आज नको, उद्या ये."

खाडीकाठच्या गावांत ओहोटीला बायका तिसऱ्या, खुबे, कालवं काढतात. कालवं खडकावरून फोडून काढायला फार कष्ट आहेत, त्याचा भाव कमी करायला सांगू नका. शिंपल्या घेतल्यात तर त्याच दिवशी करा, आणि खाडीत सांडपाणी उतरतं अशा जागेच्या अजिबात घेऊ नका.

काही किनाऱ्यांवर अजून रापण लागते. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडून त्याचे दोन्ही दोर वाळूवरून माणसं ओढत आणतात. बघायला उभे असाल तर दोराला हात लावा, रापणकरांशी ओळख होण्याचा तो सगळ्यात जवळचा मार्ग. जाळं मात्र ओलांडू नका, आणि मासळी वाळूवर आली की वाटे होईपर्यंत मध्ये जाऊ नका.

सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार, ग्रामदेवतेचे ठरलेले दिवस : या दिवशी बऱ्याच घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण असतं. तुम्ही तुमच्या घरात काय खावं यात कुणी पडत नाही, पण जत्रेच्या दिवशी देवळाशेजारच्या घरातून बांगड्याचा वास येणं बरं दिसत नाही. शेजारी विचारून घ्या.

मासे न खाणाऱ्यांची इथे उपासमार होते असा एक गैरसमज आहे. भात कापून झाल्यावर त्याच कुणग्यांत लोक भाजी लावतात. डिसेंबरपासून लाल माठ, मुळा, वाली, चवळी अगदी ताजी मिळते. थंडीत करांदे आणि कणगी हे कंद निघतात. मिठाच्या पाण्यात उकडून खाल्ले की नाश्ता झाला. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी, घावणे आणि चटणी, कुळथाची पिठी आणि भात. फेब्रुवारीपासून ओले काजूगर यायला लागतात. त्यांची उसळ एकदा तरी कुणा शेजारणीच्या हाताखाली शिका, कारण सोलताना चिकानं बोटं भाजतात आणि ते टाळायची रीत हातानंच कळते. सकाळी उकड्या तांदळाची पेज, त्यात चिमूटभर मीठ आणि सोबत लोणच्याची फोड. पोटाच्या तक्रारी असलेल्यांना ती मानवते.

हापूससाठी घाई करू नका. थंडी पडली की मोहोर येतो, धुकं आणि ढगाळ हवा पडली की तो जळतो किंवा त्यावर रोग येतो, आणि त्या दिवसांत बागायतदाराचा चेहरा उतरलेला असतो. जानेवारी-फेब्रुवारीत पहिल्या पेट्या मुंबईला जातात, त्यांचे भाव ऐकूनच पोट भरतं. आंबा मुबलक होतो एप्रिलच्या पुढे.

समुद्र

हिवाळ्यात समुद्र शांत दिसतो आणि बहुतेक वेळ असतोही. तरी खाडीच्या मुखाशी, संगमावर आणि खडकांलगत उतरू नका. तिथे ओहोटीला पाण्याची ओढ जबरदस्त असते. पोहायची जागा गाववाल्यांनी दाखवलेलीच धरावी आणि एकट्यानं आत जाऊ नये. उथळ पाण्यात वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, दडून बसतो. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाललं तर तो आधीच सरकतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि दवाखाना गाठा.

भरती-ओहोटी कळायला कोकणातला जुना हिशेब शिकून घ्या. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता साधारण भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा हिशेब मुंबईकडे जास्त जुळतो, मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती थोडी आधी येते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. लांब फेरफटका ओहोटीला करावा, वाळू घट्ट असते आणि गुडघ्यांना सोपं जातं. खडक ओलांडून पलीकडच्या पुळणीवर जाणार असाल तर परतीची वेळ आधी मोजा.

वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावातली मुलं आणि वनखातं घरटी राखतात. रात्री वाळूवर विजेऱ्या, मोबाइलचे झोत आणि गाड्या नेऊ नका. पिल्लं सोडायच्या सकाळी बोलावलंत तर येतो असं राखणदारांना सांगून ठेवा.

तब्येत

रात्री अंगणात पाऊल टाकायचं ते विजेरी लावूनच. फुरसं, घोणस, नाग आणि मण्यार हे चारही विषारी साप या भागात आहेत. फुरसं लहान असतं, चिऱ्यांच्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या भिंतीत, आणि पाचोळ्यात दिसत नाही. लाकडं, नारळाची सोडणं, कौलांचा ढीग यांत हात घालू नका. चावा झाला तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही न करता माणसाला धीर देऊन, हात-पाय स्थिर ठेवून सरळ सरकारी रुग्णालयात न्या. घर घेतल्यावरच जवळच्या कुठल्या रुग्णालयात सर्पदंशाची लस असते ते विचारून ठेवा.

माकडतापाबद्दल शहरातल्या माणसाला फारसं ठाऊक नसतं. दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या डोंगराळ, जंगलालगतच्या गावांत २०१६पासून त्याचे रुग्ण आढळले. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि हिवाळा ते उन्हाळा हाच त्याचा काळ. किनाऱ्यावर राहणाऱ्यानं घाबरून जाऊ नये, पण त्या बाजूच्या जंगलात किंवा काजूच्या बागेत फिरायला गेलात तर पूर्ण कपडे घाला, पाचोळ्यावर बसू नका आणि परतल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. फिरून आल्यावर ताप आला तर डॉक्टरला आपण कुठे गेलो होतो ते सांगा.

जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. गंभीर आजारात इथली माणसं पिढ्यानपिढ्या गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातात. तुमचा आरोग्यविमा गोव्यात आणि इथल्या कुठल्या रुग्णालयात चालतो, हे येण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या.

देवळं, जत्रा आणि रात्रीचा दशावतार

कार्तिकापासून गावागावांत जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा, महाशिवरात्रीला कुणकेश्वर, आणि आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा, जिची तारीख पंचांगावरून न ठरता देवीच्या कौलानं ठरते. आंगणेवाडीच्या दिवसांत रेल्वे जादा गाड्या सोडते आणि मालवण-कणकवलीच्या रस्त्यांवर अलोट गर्दी होते. त्या दोन दिवसांत डॉक्टरची वेळ किंवा परतीचा प्रवास ठेवू नका.

मोठ्या जत्रेपेक्षा आपल्या गावची लहान जत्रा चुकवू नका. संध्याकाळी ओट्या भरणं, मग पालखी, आणि मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार. नाटक पहाटेपर्यंत चालतं. संवाद लिहिलेले नसतात, कलाकार रंगमंचावर उभे राहून बोलत जातात, आणि चक्कीवाला किंवा शेतकरी असलेला माणूस रात्री राजा झालेला बघून अंगावर काटा येतो. दुपारी झोप काढून जा, बसायला चटई न्या, खाज्याची पुडी घ्या. देवळात गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीनं देवाला घातलेलं साकडं, चालू असताना बोलू नये, मानकऱ्यांच्या पुढे जाऊ नये, फोटो विचारून काढावा. वर्गणी मागायला आले तर घरटी काय देतात ते शेजाऱ्यांना विचारून तेवढीच द्यावी. जास्त दिलीत तर उगाच इतरांची पंचाईत होते.

उरलेल्या संध्याकाळींसाठी वाचनालय आहे. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर, मालवणचं नगर वाचन मंदिर ही जुनी, नांदती ग्रंथालयं आहेत. एकट्यानं राहायला आलेल्यांनी पहिल्याच आठवड्यात सभासद व्हावं. पुस्तकांइतकीच तिथली माणसं उपयोगी पडतात.

निघताना

शिमग्याला चाकरमानी घरी येतात. तुमच्या मालकालाही घर लागू शकतं. जानेवारीतच त्याला विचारून तारीख ठरवा. निघायच्या आधी मीटरचं रीडिंग घ्या, बिल भरा, टाकी रिकामी करा, गॅस बंद करा, कौलं हललेली असतील तर ती बसवून घ्या. किल्ली मालकानं सांगितलेल्या शेजाऱ्याकडे द्या आणि दिल्याचं मालकाला फोनवर कळवा.

पुढच्या वर्षी यायचं असेल तर आताच बोला आणि थोडी आगाऊ रक्कम देऊन पावती घ्या. बादल्या, मच्छरदाणी, छोटा सिलिंडर असं सामान ठेवायला मालक एखादं कपाट देतो. ओल लागू नये म्हणून ते जमिनीपासून उंच ठेवा. कोकमाचं आगळ, उकडे तांदूळ आणि कुळीथ शेजारणीकडूनच विकत घ्या, दुकानापेक्षा चांगलं मिळतं आणि पैसे तिच्या हातात जातात. ज्या बागायतदारानं फवारणीच्या आदल्या दिवशी येऊन सांगितलं होतं त्याच्याकडे एप्रिलच्या पेट्यांची नोंद करा, पत्ता स्वच्छ अक्षरात लिहून द्या आणि निम्मे पैसे तेव्हाच द्या.